कुसाबाईच्या बोलण्याआधी

“मॅडम, बाबांचा आवाज आला. आत्ताच. आणि बाबा जिवंत नाहीत.”

सब-इन्स्पेक्टर तृप्ती गावितच्या पुढ्यात मिसळ आली होती, चमचा हातात होता. फोनवर वेदिका आहेर होती. एवढे दिवस हीच मुलगी रोज फोन करून सांगायची, बाबा सुखरूप आहेत, आज अमुक प्रकरण पाठवलं. आज तिचा आवाज अगदी थंड होता. तृप्तीने मिसळ तशीच सोडली आणि हवालदार पुंजा भोयेला गाडी काढायला सांगितलं.

प्रकरण तसं सगळ्या ठाण्याला पाठ होतं. नवनाथ आहेर, कादंबरीकार, डोळे जवळजवळ गेलेले. गंगापूर रोडवरच्या बंगल्यात मुलीबरोबर राहायचे. मुलगी निफाडच्या कॉलेजात शिकवायला गेली असताना एका दुपारी ते घरातून नाहीसे झाले. मागे राहिला तो फोनवरचा एक निरोप, त्यांच्याच आवाजात: “वेदिका, कादंबरीचा शेवट मला घरात सापडत नाही. मी जातो आहे. कुणी शोधू नये.”

त्यानंतर रोज दिवेलागणीला कादंबरीचा पुढचा भाग येत होता, तोही त्यांच्याच आवाजात. फोन तेवढ्यापुरता चालू व्हायचा आणि बंद पडायचा. कधी पंचवटीत, कधी द्वारका चौकात, कधी सीबीएस बसस्थानकाच्या गर्दीत. मोठे साहेब म्हणाले होते, “रोज बोलतोय ना माणूस? मग हरवला कसला?” फाईल तिथेच थांबली. तृप्तीला ते पटलं नव्हतं, पण रोज बोलणाऱ्या माणसाला हरवलेला ठरवायचं तरी कसं, हे तिलाही कळत नव्हतं.

वेदिका बंगल्याच्या पायरीवरच बसली होती. तिने दोघांना आत नेलं. टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याशेजारी एक पितळी फुलपात्र पालथं घातलेलं.

“बाबा अवतरणचिन्हं वापरत नाहीत,” ती म्हणाली. “माणूस बोलायला लागला की त्याच्याभोवती कुंपण कशाला, म्हणतात. पण मला टाइप करताना कळायला नको का, कुणाचं बोलणं कुठे सुरू झालं? म्हणून सांगताना ते या फुलपात्रावर अंगठी मारतात. टण्. की मी नवी ओळ घेते. छापताना बाकी काही नाही, नुसती नवी ओळ.”

“प्रत्येक बोलण्याआधी?”

“जिवंत माणसाच्या.”

पुंजाने पायावरचा भार बदलला.

“मेलेली माणसं बोलली तर अंगठी वाजत नाही,” वेदिका म्हणाली. “त्यांचं बोलणं चालू परिच्छेदातच येतं. वाचता वाचता अचानक कळतं, हे वाक्य सांगणाऱ्याचं नाही. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून बाबांच्या प्रत्येक कादंबरीत एक कुसाबाई आहे, म्हणजे आईच, आणि ती अशीच मधे येऊन बोलते. हे आमच्या दोघांतलंच. बाहेर कुणाला सांगितलेलं नाही.”

“आणि आता?”

“आता अंगठी वाजतच नाही. घर सोडल्यापासून एकदाही नाही. आवाज येतोय या आनंदात मी टाइप करत राहिले. आज पानं वर सरकवून बघितली तर सगळा एकच लांब परिच्छेद झालेला. कादंबरीतला मामा जिवंत आहे मॅडम, शेजारीण जिवंत आहे. सगळे आईसारखे बोलतायत.” तिने लॅपटॉप तृप्तीकडे वळवला. “बाबा ज्या बाजूने सांगतायत, तिथून त्यांना सगळे सारखेच दिसत असतील.”

तिने फोन टेबलावर ठेवून आवाज लावला. खोलीत नवनाथ आहेर बोलू लागले, सावकाश, घोगऱ्या आवाजात. मागे पंखा नाही, रस्ता नाही, एक पाखरू नाही. बोलणारा माणूस कुठेच बसलेला नव्हता. तृप्तीने फोन उचलून कानाशी धरला.

तिचं गाव सुरगाण्याकडचं. तिचे आजोबा थाळी वाजवून रात्रभर कथा सांगायचे. कथेत मेलेला माणूस बोलणार असला की ते थाळीवर तळवा ठेवून तिचा घुमणारा आवाज बंद करायचे आणि त्या शांततेत त्याचं बोलणं सांगायचे. ही त्यांची एकट्याची रीत, गावात दुसरं कुणी असं करत नसे. लहानगी तृप्ती नेमकी तेव्हाच कानावर हात ठेवायची. आजोबा हसून म्हणायचे, पोरी, गेलेल्याला वाजवून बोलवायचं नसतं, तो आधीच येऊन बसलेला असतो.

खाकी वर्दीत असले विचार बरे नव्हेत. तिने वही उघडली.

“या रेकॉर्डिंगमध्ये आणखी काय बदललंय?”

वेदिकाने विचार केला. “चहा. सांगून झालं की बाबा शेवटी अंगठी मारून म्हणायचे, ‘वेदे, चहा टाक.’ फोन बंद करायचं त्यांना जमायचं नाही, म्हणून तेही रेकॉर्ड व्हायचं. मी टाइप करताना ते सोडून द्यायचे.”

“वेदे?”

“वेदेच. वेदिका फक्त शाळेच्या दाखल्यावर.”

“पण तो पहिला निरोप…”

वेदिकाने तिच्याकडे बघितलं. पहिला निरोप तिने कितीदा ऐकला असेल कोण जाणे, पण हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. आशेवर असलेल्या माणसाला ऐकू येतं ते वेगळंच.

“जुनी रेकॉर्डिंगं कुणाकुणाकडे आहेत?”

“माझ्याकडे. मागे ऑडिओबुक काढायचं ठरलं तेव्हा मी ती हर्षलला दिली, तो स्टुडिओ चालवतो. त्याने साफ करून प्रफुल्लकाकांना दिली. ते बाबांचे प्रकाशक.”

तृप्तीने फुलपात्र उचललं. काठापासून खाली बारीक चीर गेली होती. नखाने वाजवलं तर आवाज पिचका आला, पितळेसारखा खणखणीत नाही.

“आईच्या लग्नातलं आहे,” वेदिका म्हणाली. “नवं आणलं तर बाबांनी परत करायला लावलं.”

कादंबरी संपवायला निघालेला माणूस हे मागे ठेवून गेला. तृप्तीने फुलपात्र कागदात गुंडाळलं, पावती लिहून दिली आणि ते ठाण्याच्या कपाटात बंद करायला लावलं.

निघताना वेदिका दारापर्यंत आली. “मॅडम, एकच सांगा. बाबा आहेत का नाहीत? आहेत म्हणालात तर मी वाट बघेन. नाहीत म्हणालात तर रडेन. पण रोज संध्याकाळी हे ऐकून मला ना रडता येतंय ना वाट बघता येतेय.”

तृप्तीने पुंजाला गाडी चालू करायची खूण केली. ती नुसती मान हलवून गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती प्रफुल्ल यांच्या ऑफिसात गेली, कॅनडा कॉर्नरजवळ, एका चष्म्याच्या दुकानावर. टेबलावर नव्या कादंबरीची पानं पसरली होती आणि पानोपानी अवतरणचिन्हं होती.

“ही कुणी घातली?”

“मी,” प्रफुल्ल म्हणाले आणि थोडे ओशाळले. “सर समोर असते तर पानं फेकून मारली असती. मॅडम, उभं आयुष्य मी या माणसाशी एवढ्यावरून भांडलो. वाचक मला फोन करून विचारतात, हे नक्की कोण बोलतंय? म्हटलं सर येईपर्यंत घालून बघू. आले की काढायला लावतीलच.”

“येतील असं वाटतं?”

“रोज पाठवतायत ना? मग येतीलच.”

“कादंबरी लवकर बाजारात आली तर तुमचा फायदाच.”

“फायदा तर आहेच. नाही कसं म्हणू?”

“त्यांचं सांगणं चालू असताना तुम्ही कधी जवळ बसला होतात?”

“छे. सांगताना वेदिकालासुद्धा खोलीत बसू द्यायचे नाहीत. माझ्याकडे येतात ती टाइप केलेली पानं आणि हर्षलने साफ केलेला आवाज.”

“वेदिकाला शंका आहे,” तृप्ती सावकाश म्हणाली. “कुणी बोलायला लागलं की सर आधी खूण म्हणून काहीतरी वाजवायचे. नव्या रेकॉर्डिंगमध्ये ते नाही. ते असतं तर तिची खात्री पटली असती आणि मीही फाईल बंद केली असती.”

“वाजवायचे? काठी असेल. काठी आपटायची सवय होतीच त्यांना.”

तृप्तीने ‘काठी’ एवढंच वहीत लिहून घेतलं.

जिना उतरून ती खाली आली आणि जागीच थबकली. रस्त्यावर नवनाथ आहेर बोलत होते.

“ही माती तुमची वाट पाहते आहे. आजच या, आपला प्लॉट निवडा.”

टपावर भोंगा बांधलेली एक रिक्षा हळूहळू पुढे चालली होती. पुंजाने धावत जाऊन ती अडवली. “ए भाऊ, कोण बोलतंय हे?”

“कोण नाय साहेब,” रिक्षावाला म्हणाला. “मशिनीचा आवाज हे. शेठनी कुठल्या तरी स्टुडिओतून बनवून आणला. माणूस असा बोललाच नाय कधी.”

“कुठला स्टुडिओ?”

“ते शेठलाच माहीत. मला पेन ड्राइव्ह देल्हा, मी फिरतो.”

भोंगा पुन्हा सुरू झाला. जाणारी-येणारी माणसं मान वर न करता चालली होती. मेला असो की जिवंत, एका माणसाचा आवाज त्याला न विचारता भर दुपारी रस्त्याने हिंडत होता आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. तृप्तीला भुताची भीती वाटली असती तर बरं झालं असतं. हे त्याहून वाईट होतं.

हर्षलचा स्टुडिओ ओझरच्या पुढे, द्राक्षांच्या बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये होता. जाडजूड दार लागलं आणि बाहेरचं जग संपलं. आपलाच श्वास कानाशी आल्यासारखा वाटत होता. पुंजाने पटकन देवाचं नाव घेतलं, तेही भिंतींनी शोषून घेतलं.

हर्षल तिशीतला, अदबीने बोलणारा. त्याने न विचारता पाणी आणून दिलं.

“सर शेवटचे कधी भेटले?”

“ऑडिओबुक झालं तेव्हा. नंतर नाही. फोनवर कधीमधी.”

“त्यांच्या आवाजावर तुम्ही काय काम केलं?”

हर्षलचा चेहरा खुलला. “आवाज धुतला, मॅडम. म्हातारा माणूस घरी बसून फोनवर बोललेला. खोकला, पंखा, भांड्यांचे आवाज, शेवटी घरगुती बोलणं. सगळं काढून टाकलं. आता ऐका.” त्याने एक बटण दाबलं आणि त्या मुक्या खोलीत आहेर बोलू लागले. पंखा नाही, पाखरू नाही. वेदिकाच्या टेबलावर ऐकलेलीच शांतता.

“असा आवाज मशीनवर बनवता येतो म्हणे.”

“येतो. पुष्कळजण करतात हल्ली. मी नाही करत.”

तृप्तीने त्यालाही तेच सांगितलं, प्रफुल्लना सांगितलं होतं त्याच शब्दांत. कुणी बोलायला लागलं की सर आधी खूण म्हणून काहीतरी वाजवायचे, आता ते नाही, असतं तर फाईल बंद केली असती. हर्षलने सहानुभूतीने मान हलवली. कशाने वाजवायचे, हे त्याने विचारलं नाही.

पुंजा कोपऱ्यात उभा राहून पायाने फरशी चाचपत होता. “सिमेट ताजं दिसतंय.”

“जुन्या मशीनचा खड्डा होता, बुजवला,” हर्षल म्हणाला.

गाडीत बसल्यावर पुंजा पुटपुटला, “गड्यांनी लय घाईत केलंय मॅडम. लेव्हल नाय काय नाय.”

त्याच दिवशी दिवेलागणीला वेदिकाचा फोन आला. वेदिका आधी हसत होती, मग तिच्या घशातून वेगळाच आवाज निघाला. तृप्ती पोहोचली तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

“वाजलं, मॅडम. अंगठी वाजली. मामाच्या आधी वाजली. मला वाटलं, आले बाबा.” तिने तोंडावर ओढणी धरली. “मग आई बोलायला आली. तिच्या आधीही वाजली.”

तृप्तीने रेकॉर्डिंग ऐकलं. पिचका, चिरलेला टण्. मग कुसाबाईचं वाक्य.

“एक क्षण मला खरंच वाटलं आई जिवंत आहे,” वेदिका म्हणाली. “हे बाबांनी केलं नसतं. कधीच नाही.”

“नसतं केलं,” तृप्ती म्हणाली. ती वेदिकाशेजारी जमिनीवर बसली. “काल तू विचारलंस त्याचं उत्तर आज देते. रड, बाई.”

सकाळी तृप्तीने प्रफुल्ल आणि हर्षल दोघांना आहेरांच्या घरी बोलावलं. आहेरांची खुर्ची कुणी घेतली नाही. फुलपात्र कागदातून काढून तिने टेबलावर पालथं ठेवलं. पुंजा आला नव्हता.

“सर स्वतःहून गेले असं आपण सगळे धरून चाललो,” तिने सुरुवात केली, “कारण ते बोलत होते. पण पहिल्याच निरोपात ते मुलीला वेदिका म्हणाले, आणि वेदिका ते कधीच म्हणत नाहीत. ‘वेदे, चहा टाक’ हे प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी होतं. ज्याच्याकडे फक्त साफ केलेला आवाज आहे त्याला ते ऐकूच आलं नसतं. ज्याने ते स्वतः काढून टाकलं त्याला ते कचरा वाटलं. मशीनला शिकवलं ते धुतलेल्या आवाजावर. म्हणून मशीनला ना वेदे माहीत, ना हे फुलपात्र.”

“म्हणजे आवाज खोटा?” प्रफुल्ल म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

“आवाज खोटा, मजकूरही मशीननेच रचलेला. फोन तेवढा सरांचा, तो कुणीतरी रोज नव्या जागी नेऊन चालू करायचं. रोज कादंबरी सांगणाऱ्या माणसाला कोण शोधणार? मी तुम्हा दोघांना एकच गोष्ट सांगितली. सर काहीतरी वाजवायचे. कशाने, ते सांगितलं नाही. प्रफुल्लसाहेब, तुम्ही म्हणालात काठी. काल संध्याकाळी काठी वाजायला हवी होती.”

तिने फुलपात्रावर नख मारलं. पिचका टण्.

“हे वाजलं. हेच, ही चीर गेलेलं. आणि काल संध्याकाळी हे ठाण्याच्या कपाटात कुलपात होतं. म्हणजे आवाज जुन्या, न धुतलेल्या रेकॉर्डिंगमधून कापून चिकटवला. ती रेकॉर्डिंगं दोघांकडेच. एक वेदिका. पण वेदिकाने आईच्या आधी अंगठी वाजवली नसती. सर कधी वाजवायचे आणि कधी नाही, हे तिला माहीत आहे. ज्याने वाजवली त्याला मी सांगितलं तेवढंच माहीत होतं: कुणीही बोललं की वाजवायचं. त्याने मेलेल्या बाईला जिवंत माणसाची खूण दिली.”

हर्षल पाणी प्यायला उठला. दारात कॉन्स्टेबल होता, म्हणून परत बसला.

“भांड्यांचे आवाज काढले, हे तूच सांगितलंस मला,” तृप्ती त्याला म्हणाली. “आणि कशाने वाजवायचे, हे विचारलं नाहीस. प्लॉटच्या शेठलाही आज सकाळी भेटले मी. भोंग्यावरचा आवाज त्याने तुझ्याकडूनच घेतलाय. सर रस्त्यावर स्वतःलाच ऐकून तुझ्याकडे आले. खरं ना?”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुंजा होता. तिने ऐकलं, “बरं” म्हटलं आणि फोन खाली ठेवला.

“फरशी फोडली,” ती म्हणाली. “खड्ड्यात सर आहेत. अंगठी बोटात आहे.”

वेदिका जागची हलली नाही. काल सगळं रडून झालं होतं.

हर्षलने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. “रिक्षा करून एकटेच आले होते,” तो म्हणाला. “म्हणाले, मी जे बोललो नाही ते माझ्या तोंडी का घातलंस? मी म्हटलं, सर, जाहिरातच आहे. त्यांनी ऐकलं नाही. वायरी ओढायला लागले. मी फक्त बाजूला ढकललं. लोखंडी स्टँड होता मागे. मला ते मरायला नको होते. मला त्यांचा आवाज आवडायचा.”

“आवाज आवडायचा,” वेदिका म्हणाली. तिने पालथं फुलपात्र आपल्याकडे ओढलं.

त्याला घेऊन गेल्यावर प्रफुल्ल बरोबर आणलेली कादंबरीची पानं गोळा करू लागले. एकेका पानावरून त्यांचा अंगठा फिरत होता. “ही काढतो मी,” ते म्हणाले. “सगळी चिन्हं काढतो, वेदिका. सरांचं खरं जेवढं आहे तेवढंच छापू.” आणि ते बाहेर जाऊन व्हरांड्यात चष्मा पुसत उभे राहिले.

सगळे विधी आटोपल्यावर तृप्ती एका सकाळी पुन्हा आली, साध्या कपड्यांत. फुलपात्र परत द्यायचं होतं. वेदिका लॅपटॉपसमोर बसली होती. हर्षलच्या मशीनमधून जुनी, न धुतलेली रेकॉर्डिंगं परत मिळाली होती, आणि तिच्या फोनवर ज्या दुपारी बाबा गेले त्याच सकाळचं, तिने कधी न उघडलेलं एक होतं.

“ऐकायचं धाडस होत नव्हतं,” ती म्हणाली. “तुम्ही बसा ना.”

आवाज सुरू झाला. पंखा घरघरत होता. लांब कुठेतरी भाजीवाली ओरडत होती. आहेर खोकले. टण्, मामा बोलला. टण्, शेजारीण बोलली. वेदिकाची बोटं चालू होती, नवी ओळ, पुन्हा नवी ओळ. मग अंगठी थांबली आणि कुसाबाई आली, शांतपणे, परिच्छेदात, जिथे ती नेहमी असते. शेवटचं वाक्य संपलं. खुर्ची करकरली. फुलपात्र आणखी एकदा वाजलं, स्पष्ट, जिवंत माणसासाठी वाजतं तसं, आणि आहेरांनी मुलीला हाक मारली.

एरवी हे ती सोडून द्यायची. आज तिची बोटं थांबली. नवी ओळ घ्यायची कळ तिच्या करंगळीखाली होती. तिने शेजारचं फुलपात्र जवळ ओढलं आणि त्यावर डावा तळवा ठेवला. तृप्तीला आजोबांची थाळी आठवली.

वेदिकाने ओळ बदलली नाही. एका हाताने, एकेक अक्षर करत, आईच्या वाक्याला लागूनच ती टाइप करत गेली. सांगून झालं, आता ऊन आत आलंय, बाहेर भाजीवाली थांबलीय, वेदे, चहा टाक.